झोपताना अंडं

"उकडून द्यायचं की तळून?" स्वयंपाकघरातल्या मावशींनी दारातूनच विचारलं.

नोंदताईंनी मान वर केली नाही. मुलींच्या वसतिगृहाच्या कचेरीत नोंदी ठेवायचा त्यांचा हा शेवटून दुसरा दिवस. शनिवारी सुटायचं आणि थेट लेकीकडे. तिचे दिवस भरत आले होते.

"काय ते?"

"अंडं हो. पाचवीतल्या चिमणीला. झोपताना अंडं, असं आलंय कागदावर. कोंबडीसुद्धा त्या वेळेला देत नाही!"

आता नोंदताईंनी मान वर केली. चिमणीला अंडं अजिबात चालत नव्हतं. एका घासाने घसा सुजायचा.

त्यांनी संगणकावर तिचं पान उघडलं. चालत नाही: कुत्रा. झोपताना: अंडं.

ही सगळी रचना त्यांचीच. ठरावीक रकाने नकोत, आईबापांना जे सांगायचंय त्याला नावही त्यांनीच द्यावं, असा हट्ट त्यांनी अकरा वर्षांपूर्वी धरला होता. एका खान्यात ही नावं एकाखाली एक, शेजारच्या खान्यात त्याच क्रमाने उत्तरं. दोघांना बांधणारा नुसता क्रम, बाकी काही नाही. गेल्या महिन्यात निघायच्या घाईत त्यांनी खोडायची मुभा वॉर्डनबाईंना देऊन टाकली. बाईंनी चिमणीच्या पानावरचं 'घाबरते' हे नाव खोडलं, त्याचं उत्तर 'कुत्रा' तसंच राहिलं. खालची नावं एकेक पायरी वर सरकली, उत्तरं जागची हलली नाहीत.

"अंडं नाही. आज सगळ्यांना नुसता भात."

"सगळ्यांना? पोरी मला कच्चं खातील."

"खाऊ देत."

वॉर्डनबाई भारी नेटक्या. महिनाभरात त्यांनी एकशे चौदा पानं साफ केली होती. चिमणीचं ताईंना आठवत होतं, बाकीच्यांचं काय? पानांवर नुसती उत्तरं उरली होती: दूध, अंधार, मामा. कुणाला काय चालत नाही आणि कुणाला कशाची भीती, हे अंदाजाने कसं ठरवायचं? जुनी प्रत रोज नव्या प्रतीखाली पुसली जायची. ती काटकसरही त्यांचीच.

गप्प बसलं तर शनिवारची गाडी मिळत होती. त्या उठल्या आणि वसतिगृहाच्या साहेबांना सांगून मोकळ्या झाल्या. मोकळ्या कसल्या!

"हा गुंता दुसऱ्या कुणाला सुटेल, ताई?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही जाता कशा?"

लेकीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "तू एकशे चौदा पोरींचीच आई हो. माझं मी बघते," म्हणाली आणि फोन ठेवला. नोंदताईंनी पुन्हा लावला. तिने उचलला नाही.

मग त्यांनी पालकांच्या यादीतला पहिला नंबर फिरवला.

"वसतिगृहातून बोलतेय. तुमच्या मुलीला काय काय चालत नाही, ते जरा सांगता?"

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. "का हो? काय खाल्लं तिनं? बोला ना, काय झालं?"

"काही नाही झालं," नोंदताई म्हणाल्या. त्या बाईचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा म्हणाल्या.