हळदीचे डाग

माघ सरत आला की मुळशीच्या धरणाकाठी संध्याकाळ उतरते ती आंब्याच्या मोहोराचा गंध घेऊनच. थोडा तुरट, थोडा मधाळ असा तो गंध पाण्यावरून येणाऱ्या गारव्यात मिसळतो, त्यात दूर डोंगरउतारावर कुणीतरी पेटवलेल्या गवताचा धूर असतो, आणि दिवसभर संगणकासमोर आंबून गेलेलं मन त्या एका श्वासाने धुऊन निघतं. गेल्या माघात मात्र मला तो गंध एकदाही धड लाभला नाही. रोज दिवेलागणीला गणवेशातली माणसं हिरवळीवर डासांचं औषध फवारत फिरायची, आणि त्या लिंबट, खोट्या वासाखाली मोहोर, धूर, पाणी सगळंच दबून जायचं. पाहुण्यांना डास चावू नयेत एवढीच त्यामागची कळकळ होती, हे मला मान्य आहे. तरी माझा राग तिथूनच सुरू झाला.

ज्या कलाकेंद्राविषयी मी लिहिते आहे त्याचं नाव मी देणार नाही. दिलं तर बदनामीपेक्षा जाहिरातच जास्त होईल, आणि ती फुकटात करून द्यायची माझी मुळीच इच्छा नाही. भातखाचरं संपून माळ सुरू होतो तिथे, उंच भिंतीच्या आत त्यांनी एक देखणा खुला रंगमंच उभारला आहे, आणि गेल्या माघात तिथे महिनाभराचा कॅरिबियन कलोत्सव भरला होता. त्रिनिदादहून आलेले वादक आणि नर्तक तिथेच मुक्कामाला होते. संध्याकाळी नृत्य, पोलादी पिंपं ठोकून घडवलेल्या वाद्यांचं वादन, ताशा, आणि रविवारी सकाळी जाहीर व्याख्यान असा क्रम असे. मी मूळची सोलापूरची. हिंजवडीतल्या नोकरीपायी कासार आंबोलीत घर केलं. भाषांतराचा मला जुना नाद, म्हणून व्याख्यानांचं मराठी रूपांतर आणि संध्याकाळचं निवेदन माझ्या वाट्याला आलं. सुरुवातीला मी अगदी हरखून गेले होते, हेही सांगायला हवं.

हरखण्यासारखंच होतं ते. चमूचे प्रमुख रामदीन नावाचे साठीतले गृहस्थ होते. त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी जहाजात घालून नेलेले. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तशी भाषा विरली, गावाचं नावही विसरलं, पण ताशा राहिला. वादनाआधी ते मंचामागे शेकोटीपाशी उकिडवे बसून ताशाचं कातडं शेकायचे, मधूनच बोटाने टिचकी मारून कान लावायचे, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा आमच्या सोलापूरकडच्या कुठल्याही हलगीवाल्याचा असावा असा दिसायचा. एका रविवारी ते मळ्यावरच्या चाळींविषयी बोलले. माणसाला तिथे खोली मिळे, पण देवाला जागा नसे. तेव्हा लोकांनी अंगणाच्या कोपऱ्यात मातीचा उंचवटा केला, त्यात बांबू रोवला, बांबूला रंगीत निशाण बांधलं, आणि मळेवाल्याने ते उपटून फेकलं की पुन्हा रोवलं. हे मी मराठीत सांगितलं. पुढच्या रांगांत रुमाल निघाले. शनिवार-रविवार आपल्या बंगल्यांवर येणारी, आयटीतल्या मोठ्या हुद्द्यांवरची ती सुशिक्षित, सहृदय माणसं सात समुद्रांपलीकडच्या, केव्हाच मरून गेलेल्या मळेवाल्यावर मनापासून संतापली, आणि मग जेवणाची सूचना झाली.

त्या रुमालांपासून भिंत हाकेच्या अंतरावर होती, आणि भिंतीपलीकडे हिराबाई शेळ्या चारत होती. हिराबाई आणि तिचा नवरा बापू माळाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवस्तीत राहतात. मेंढरं-शेरडं राखतात, लावणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या खाचरांत मजुरी करतात. केंद्राकडे जाण्याच्या वाटेवर आमची ओळख झाली आणि वाढत गेली. आज जिथे रंगमंचासमोरची हिरवळ आहे तिथे पूर्वी एक करंज होता, त्याखाली बिरोबाचा तांदळा, शेंदूर लावलेला अनघड दगड होता, आणि वस्तीची माणसं तिथे गजी नाचायची. मधोमध ढोल, त्याभोवती रिंगण. जमीन त्यांच्या नावावर कधीच नव्हती. ज्याच्या नावावर होती त्याने ती विकली आणि सगळं कायद्याला धरूनच झालं. केंद्राने देव भिंतीबाहेर हलवला, त्याला सिमेंटचा ओटा बांधून दिला, वर त्याबद्दल आपली पाठही थोपटून घेतली. पण हिराबाईने नवस त्या ओट्यापुढे बोललेला नव्हता. तिची सारिका लहानपणी तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा ती करंजाखाली बोलून बसली होती, की लेक चालायला लागली की इथेच तुझ्यापुढे गजी नाचवीन. लेक बरी झाली, आणि गजी घालायच्या आत भिंत आली. आता सारिकाचं लग्न ठरलं होतं, होळीनंतर लगेच, आणि अंगावर नवस ठेवून पोरीला परक्या घरी धाडायचं या विचाराने हिराबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी तिला ओट्याचं सुचवून पाहिलं. “देव कुटं बी ऱ्हातो, ताई,” ती म्हणाली, “पर नवस जितं बोलला तितंच फेडायचा आसतो.”

म्हणून मी मृण्मयीला गाठलं. मृण्मयी ही केंद्राची कार्यक्रम-समन्वयक. हुशार, लाघवी, कामाला वाघ, आणि ‘नाही’ हा शब्द कधीही तोंडातून न काढणारी. समारोपाच्या संध्याकाळी त्रिनिदादचा ताशा आणि इथली गजी एकत्र ठेवू या, असं मी म्हणताच तिने टाळीच वाजवली. नवसाचं मी मुद्दामच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पत्रकावर छापून आला असता. वस्तीला मानमरातब नको होता, मंचही नको होता. त्यांना फक्त त्या मातीवर एकदा रिंगण धरायचं होतं, समोर प्रेक्षक बसले काय आणि उठून गेले काय. बापूने ढोलाच्या दोऱ्या ताणून घेतल्या, पेटीतले फेटे उन्हात टाकले, आणि हिराबाई त्या आठवड्यात मला पहिल्यांदा मोकळं हसताना दिसली.

मग एकेक गोष्ट निघत गेली. आधी ठरलं, की गजीवाल्यांना फाटकाशी उभं करावं. गाड्यांतून पाहुणे उतरतील तेव्हा ढोल वाजला तर स्वागत छान होईल. मी भांडले. मग त्यांना आत हिरवळीवर घ्यायचं ठरलं, पण रिंगण नको, अर्धवर्तुळ करा, कारण रिंगणात प्रेक्षकांना नाचणाऱ्यांच्या पाठी दिसतात. मी पुन्हा भांडले. गजी प्रेक्षकांसाठी नसते, मधल्या ढोलासाठी आणि देवासाठी असते, त्या पाठीच पाहायच्या असतात, असं मी घसा फोडून सांगितलं तेव्हा कुठे रिंगण वाचलं. आणि समारोपाच्या आदल्या दिवशी मृण्मयी माझ्याजवळ येऊन अतिशय गोड आवाजात म्हणाली, “मॅम, तो भंडारा नको ना प्लीज. लॉन खराब होईल, आणि चेअर कव्हर्सवरून हळदीचे डाग जात नाहीत. त्याऐवजी झेंडूच्या पाकळ्या उधळू, व्हिज्युअली सेमच दिसेल.”

मी तिला जे बोलले ते सगळं इथे लिहिण्याजोगं नाही. भंडाऱ्याशिवाय गजीला उभंच राहता येत नाही. भंडारा उधळल्यावरच ती जागा देवाची होते, त्याआधी तो नुसता व्यायाम असतो. महिनाभर तुम्ही परक्या देशातल्या निशाणांसाठी डोळे पुसलेत आणि इथल्या देवाची चिमूटभर हळद तुमच्या खुर्च्यांना सोसत नाही, असं मी म्हटलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या हाताला हात लावला, आणि म्हणाली, “बघते मी, मॅम.” नोकरीत एवढी वर्षं काढलेल्या बाईला ‘बघते’ याचा अर्थ कळायला हवा होता.

समारोपाच्या संध्याकाळी वस्ती आली. पांढरी धोतरं, तांबडे फेटे, ढोल, झांजा, मागे नवी साडी नेसलेली सारिका आणि तिचा हात धरलेली हिराबाई. फाटकावरच्या पहारेकऱ्याने नियमाप्रमाणे झडती घेतली, आणि काडेपेट्या, तंबाखूच्या डब्या आणि भंडाऱ्याची पिशवी एकाच टोपलीत काढून ठेवली. परतताना घेऊन जा, म्हणाला. त्याला तसंच सांगितलेलं होतं. निरोप मिळताच मी धावत पोहोचले तेव्हा बापू त्या टोपलीकडे बघत उभा होता. त्याने आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही. तंबाखूची डबी तिथेच राहू दिली, पिशवी तेवढी उचलून कपाळाला लावली. “ह्याच्याबिगर न्हाई व्हायचं, ताई,” एवढं बोलून तो वळला आणि त्याच्यामागे सगळे वळले. हिराबाई सर्वांत शेवटी वळली.

आत दिवे लागले होते, खुर्च्या भरल्या होत्या. मृण्मयी कुजबुजली, “अपरिहार्य कारणामुळे, एवढंच म्हणा.” मी ध्वनिक्षेपकापुढे गेले आणि म्हटलं, “बिरोबाला हळद लागते आणि या हिरवळीला हळदीचे डाग पडतात, म्हणून आज गजी होणार नाही. आपण बसला आहात ती जागा त्यांच्या देवाची होती. त्यांना फाटकातून परत जावं लागलं आहे.” मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली, त्यांच्या शेजारच्यांनी वाजवली, आणि पाहता पाहता साऱ्या हिरवळीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना ते माझं निवेदनच वाटलं होतं, पुढच्या ताशाची प्रस्तावना. माझ्या संतापाला दाद मिळत होती. रामदीन प्रश्नार्थक नजरेने माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांनी हातातल्या काड्या खाली केल्या, बराच वेळ फाटकाच्या दिशेने पाहिलं. मग प्रकाश बदलला, सहकाऱ्याने झांजेवर ठेका दिला, आणि ते वाजवू लागले. वाजवलं उत्तम. मला त्यांचाही राग आला, आणि मी ताशा चालू असतानाच उठून बाहेर पडले.

भिंतीच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर वस्तीची माणसं बसली होती. धरणाच्या पाण्यावर अजून थोडा उजेड होता, आणि भिंतीवरून येणारा ताशा ढोलावर हात ठेवून बापू ऐकत होता. मी गेले तीच तणतणत. वर्तमानपत्रात लिहिते, तक्रार करते, उद्या पुन्हा सगळ्यांना घेऊन येते, असं काय काय बोलत राहिले, आणि मध्येच माझे डोळे भरून आले. सारिका माझ्याकडे संकोचाने पाहत होती. तिचं लग्न, तिच्या आईचा शब्द, सगळं त्या रस्त्यावर धुळीत येऊन बसलं होतं, आणि मला आठवत होत्या त्या फक्त टाळ्या.

हिराबाईने माझं बोलणं संपू दिलं. मग ती अगदी शांत, व्यवहारातलं काहीतरी सांगावं तशा आवाजात म्हणाली, “मी दारापातुर आले, ताई. ढोल आनला, मानसं आनली, लेक आनली. आता नवस माज्यावर न्हाई. ज्येनं दार लावलं त्येच्यावर हाय. बिरोबा बघंल त्येंच्याकडं.” एवढं सांगून तिने पिशवी सोडली आणि मूठभर भंडारा घेऊन सारिकाच्या कपाळाला लावला, मग बापूच्या, मग झांजवाल्यांच्या, एकेकाच्या. लग्न आता बिनघोर होणार, हे त्या बोटांवरूनच सगळ्यांना कळलं, आणि म्हातारेकोतारे फेटे सावरत उठायला लागले.

रांगेत शेवटी मी उभी होते. कपाळ थोडं पुढे करून मी थांबले, आणि हिराबाईची नजर माझ्या गळ्यातल्या फितीवर गेली. कलाकेंद्राचं चिन्ह असलेला ओळखपत्राचा बिल्ला त्या फितीला लोंबत होता. आत-बाहेर करताना मला कुणी अडवू नये म्हणून दिलेला. मी तो घाईघाईने काढून पर्समध्ये टाकला. पण तोवर तिने हात मागे घेऊन पदराला पुसला होता. भंडारा संपला होता, की तिने मुद्दामच हात आखडता घेतला, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.