मदतीची खिडकी

आमच्या पालिका कार्यालयात जन्म-मृत्यूचे दाखले देणाऱ्या कारकुनाच्या खिडकीवर आता ‘स्थलांतरित कामगार मदत कक्ष’ अशी नवी पाटी लागली आहे. पाटी लागल्यापासून तो हिंदी बोलतो, तेही समोरचा बहिरा असल्यासारखं ओरडून. लातूरकडच्या माणसानं मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीतच येतं. बोलण्याआधी तो चष्मा कपाळावर चढवतो. त्यामुळे समोरचा माणूस नीट दिसत नाही आणि नाही म्हणणं सोपं जातं.

पत्नी गेल्यावर तिच्या दाखल्यासाठी मी तिथे खेपा घालत होतो. परवा माझ्यापुढे चाकणच्या कंपनीतला एक बिहारचा कामगार होता. त्याच कंपनीत कामाला असलेली त्याची बायको इथल्याच दवाखान्यात वारली होती. दाखल्याशिवाय लेकरांना तिची पेन्शन मिळणार नव्हती.

“गाव किधर? बिहार? तो दाखला उधरसेच निकालनेका, भाऊ.”

“साहब, गाँव में तो किसी ने उसे मरते देखा ही नहीं.”

“वो मेरेको मत बताओ.”

मी म्हणालो, “मृत्यू जिथं झाला तिथंच दाखला मिळतो ना? माझी पत्नीही त्याच दवाखान्यात गेली.”

“तुमचं वेगळं, काका. तुम्ही आपले,” असं म्हणत त्यानं माझा दाखला पुढे सरकवला. मग खिडकीतून हात बाहेर काढून त्या कामगाराचं बोट धरलं आणि ‘सेवा कशी वाटली?’ असं विचारणाऱ्या यंत्रावरच्या हसऱ्या, हिरव्या चेहऱ्यावर दाबलं.