बेंगळुरूसाठी वैऱ्याची साक्ष

अणदुरात शिवप्रियाशी भांडायला जाणारा माणूस घरूनच पाणी पिऊन निघतो, कारण तिच्या दारात ते मिळत नाही. बंडप्पाची ही थोरली लेक. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर गावात बसून लिहिते. लग्न केलेलं नाही. का केलं नाही म्हणून विचारणाऱ्या एका बाईला तिनं त्या बाईच्याच नवऱ्याची लक्षणं बोटावर मोजून दाखवली, तेव्हापासून कुणी विचारत नाही.

गावात निम्म्या लोकांशी तिचं वाजलेलं, पण खरं वैर एकाच माणसाशी. सख्खा चुलता गुंडप्पा. आजा महालिंगप्पानं खांदलेली विहीर दोन्ही लेकांत सामाईक, मोटार एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. बंडप्पाला मातीत ठेवला त्या दिवशी पाळी बंडप्पाचीच होती. माती देऊन माणसं परतली, तेव्हा शिवप्रियाच्या कानावर मोटारीचा आवाज आला. भावाच्या मातीला न आलेला गुंडप्पा भावाच्या पाळीचं पाणी घेऊन आपल्या उसात दारं धरत होता.

त्या दिवसापासून 'काका' हा शब्द तिनं तोंडातून काढून टाकला आणि रागाच्या भरात एक सॉफ्टवेअर लिहिलं. मोटारीच्या स्टार्टरला एक डबा जोडला. ज्याची पाळी, त्याच्याच फोनवरून मोटार चालू होणार. वीज गेली तर बुडालेला वेळ त्याच्या पुढच्या पाळीत जमा होणार. दुसऱ्याच्या पाळीत कुणी हात घातला तर मोटार जागची हलणार नाही, वर समोरच्याचा फोन बोंब ठोकणार. आणि दोघांनी आपापल्या फोनवर 'मंजूर' दाबल्याशिवाय त्यातलं काहीच बदलता येणार नाही, अगदी ते लिहिणाऱ्या शिवप्रियालासुद्धा. पंचांनी दोघांना खंडोबाच्या देवळासमोर बसवून हे कबूल करून घेतलं. पंचही दोघांना कंटाळलेच होते.

बेंगळुरूला दरसाल सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची मोठी परिषद भरते. तिथं बोलायचं तर आधी प्रस्ताव पाठवायचा, तो त्यांनी पारखायचा, मग बोलावणं. शिवप्रियानं दोनदा पाठवला होता. भाषणाचं नाव, 'एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर'. दोन्ही वेळा परत. दुसऱ्या खेपेला त्यांनी कारणही कळवलं: कल्पना चांगली आहे, पण हे खरोखर कुणी वापरतं का?

"म्हंजे मी खोटारडी," ती आईला म्हणाली आणि तिसरा प्रस्ताव लिहायला बसली.

तिला तिथं जायचं होतं ते काही नाव काढायला नाही. कंपनीतले मोठे लोक त्या डब्याला 'शिवप्रियाचं विहिरीवरचं खेळणं' म्हणून हसायचे. परिषदेत हीच माणसं पहिल्या रांगेत बसतात. वर उभं राहून त्यांच्या तोंडावर बोलायचं, त्यांची हसणारी तोंडं मिटवायची, एवढीच तिची हौस.

तिसऱ्या खेपेला अट आली. वापरणारा एक माणूस हजर करा, आम्ही त्याच्याशी व्हिडिओवर बोलू. माणूस नात्यातला किंवा दोस्तीतला नसावा.

वापरणारे जगात दोनच. त्यातली एक ती स्वतः.

"गुंडप्पा हाय की," आई म्हणाली. "पर त्यो तुझा काका पडतो. चालंल का?"

"कुठल्या अंगानं काका? मातीला आला? पोरीच्या लग्नाचं बोलावणं दिलं?"

"मग वैरी म्हणून लिही."

'तुमचा या व्यक्तीशी संबंध' या रकान्यात शिवप्रियानं लिहिलं: सख्खा चुलता, बोलणं नाही. परिषदेनं ते चालवून घेतलं.

गुंडप्पाच्या अंगणात ती गेली तेव्हा चुलती शरणम्मा तूर पाखडत होती. "बा, कुंद्रू," ती सवयीनं कानडीत म्हणून गेली, "ये, बस," आणि नवऱ्याकडं बघून तिनं जीभ चावली. गुंडप्पा बाजेवर होता. त्यानं मान वळवली नाही.

"हिला इचार," तो बायकोला म्हणाला, "रस्ता चुकली का काय?"

"काकू, ह्यांना सांगा, बेंगळुरूच्या परिषदेची माणसं व्हिडिओवर इचारणार हायत. डबा चालतो का न्हाय, तेवढं खरं सांगायचं."

"आन मला काय मिळणार?"

"काय न्हाय."

"मग बोलतो," गुंडप्पा म्हणाला. "पर खरं म्हंजे समदं खरं. मागनं रडायचं न्हाय."

"मातीच्या दिवशी तुमची मोटार ऐकून रडले न्हाय, आता काय रडते."

तेव्हा कुठं त्यानं तिच्याकडं तोंड केलं. "पाणी घेतलं ते म्या नाकारलं कवा? ऊस वाळायला लागला व्हता. मेलेल्या माणसाला पाणी लागत न्हाय."

शरणम्माच्या हातातलं सूप थांबलं. शिवप्रिया मागं वळली. "उद्या सकाळी," एवढंच बोलून ती अंगणाबाहेर पडली.

सकाळी गुंडप्पाच्या ओसरीत पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर परिषदेची दोन माणसं. एक बेंगळुरूची बाई, दुसरा पुण्याचा कृष्णराज, मराठी जाणणारा. शिवप्रिया भिंतीला टेकून बाजूला उभी राहिली.

"नमस्कार. ही व्यवस्था तुम्ही वापरता?" कृष्णराजनं विचारलं.

"वापरतो. का हीर सोडून पळून जाऊ?"

"शिवप्रियांवर तुमचा विश्वास आहे?"

"हिच्यावर? त्यापरीस बांधावरच्या नागावर ठिवीन."

"मग त्यांनीच लिहिलेलं कसं काय वापरता?"

गुंडप्पानं खाकरून घसा साफ केला. याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा तो सरसावून बसला.

"सांगतो. माझ्या पोरीचं, मोनिकाचं लगीन. पाळी माझी. अक्षता पडायल्या आन खिशात फोन बोंबलायला लागला. बघतो तर ही बया माझ्या पाळीत मोटार चालू करायली. एकडाव न्हाय, परत परत. बापाच्या मातीच्या दिवसाचा सूड! पर मोटार हलली न्हाय. हिनं सोता लिव्हलंय, तरी हिचंबी ऐकलं न्हाय त्यानं. म्हणून वापरतो." मग शिवप्रियाकडं बघून तो तोंडभर हसला. "तवा मी गप बसलो. म्हणलं, ठिवावं जपून, कवा तरी कामाला यील. चोर हाय तुमची बाई. लिहून घ्या."

शिवप्रियाचा चेहरा उतरला. हे त्याला ठाऊक आहे हे तिला माहीत होतं. ते तो असं राखून ठेवेल हे नव्हतं.

"खरं आहे?" कृष्णराजनं विचारलं.

"खरं आहे," ती म्हणाली.

कृष्णराजनं ते सगळं बेंगळुरूच्या बाईला इंग्रजीत समजावलं. तिनं लग्नाचा भाग पुन्हा एकदा विचारून घेतला. मग पडदा बंद झाला.

"मेलं तुझं भाषण," गुंडप्पा म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

भाषण मेलं नाही. संध्याकाळी उत्तर आलं. ज्या सॉफ्टवेअरनं लिहिणारीलाच अडवलं, त्याच्याबद्दल ऐकायला आम्हाला आवडेल. मात्र लग्नाचा प्रसंग प्रस्तावात हवा आणि व्यासपीठावर तुम्ही स्वतः सांगायला हवा. काकांचं नाव येणार असेल तर त्यांची संमती घ्या. उद्यापर्यंत कळवा.

पहिल्या रांगेतली ती तोंडं शिवप्रियाच्या डोळ्यांपुढं आली. त्यांची बोलती बंद करायला निघालेली ती, आता त्यांच्यापुढं मीच चोर म्हणून उभी राहणार. तिनं लॅपटॉप मिटला, परत उघडला. शेवटी लिहिलं: माझ्या वडिलांच्या मातीच्या दिवशी चुलते गुंडप्पा यांनी पाणी चोरलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मीही तसा प्रयत्न केला. मजकूर तिनं मंजुरीसाठी गुंडप्पाच्या फोनवर पाठवून दिला.

सकाळ झाली तरी 'मंजूर' येईना. ती लॅपटॉप घेऊन रानात गेली. पाळी त्याची होती. पलीकडून, दारं धरता धरताच तो ओरडला.

"मी चोरलं, आन तू निस्ता प्रयत्न केला व्हय?"

"माझ्यानं मोटार चालू झाली न्हाय!"

"डब्यानं धरली म्हणून! मातीच्या दिवशी डबा असता तर म्याबी निस्ता प्रयत्नच केला असता की!"

शिवप्रियानं लॅपटॉपवर तो मजकूर परत वाचला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला तो जास्त खुपला.

"नाव काढू का तुमचं?"

"काढू नगंस. नीट लिही."

ती बांधावर बसली. आधीचं खोडून तिनं लिहिलं: वडिलांच्या मातीच्या दिवशी चुलते गुंडप्पा, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी, आम्ही दोघंही पाणीचोर. त्यांच्या वेळी हे सॉफ्टवेअर नव्हतं, माझ्या वेळी होतं. फरक एवढाच.

गुंडप्पानं चिखलाचा हात धोतराला पुसला, फोन लांब धरून ओठ हलवत वाचलं, परत वाचलं. शिवप्रियाच्या लॅपटॉपवर 'मंजूर' उमटलं. तिनं त्याच्याकडं न बघता प्रस्ताव पाठवून दिला.

शरणम्मा डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन येत होती. ती दोघांच्या मधे थबकली. "आता बोलणं सुरू झालं म्हणायचं का तुमचं?"

"बोललो कुठं?" गुंडप्पा म्हणाला. "काम व्हतं."

"काकू," शिवप्रिया उठत म्हणाली, "ह्यांना सांगा, पाळी संपली."

डब्यानं मोटार बंद केली. गुंडप्पा काहीतरी पुटपुटला, पण खोरं खांद्यावर टाकून बाजूला झाला. शिवप्रियानं आपला फोन काढला आणि मोटार पुन्हा चालू केली.