राख मिसळलेल्या सिमेंटचा स्लॅब

बाळांनो, आमच्या घरासमोर, लिंबायतला, महापालिकेचा नवा दवाखाना बांधला जातो आहे. तिथल्या सुपरवायझरचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला मावशी म्हणायचा, एवढं पुरायचं. येता-जाता आमच्या फाटकाशी थांबून तो कुरकुरायचा. कार्बन कमी व्हावा म्हणून सरकारी इमारतींना आता राख मिसळलेलं सिमेंट लागतं आणि ते उशिरा पक्कं होतं.

"हे सिमेंट म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई, मावशी. उठवूनही उठत नाही."

परवा त्याचा कंत्राटदार आला. उद्घाटन जवळ आलं, स्लॅबखालचे टेकू आजच काढा म्हणाला.

"शेठ, स्लॅब कच्चा आहे. खाली येईल."

"मालक तू की मी? टेकू काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

सुपरवायझर डबा घेऊन स्लॅबखाली मधोमध जाऊन बसला आणि मजुरांना म्हणाला, "काढा रे भो. तोवर मी जेवून घेतो."

मजुरांनी हातोडे खाली ठेवले. तो सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवला.

आज त्याच्या जागी नवा सुपरवायझर आला आहे, बाळांनो. टेकूंना हात लावायचं तोही बोलत नाही.