हळद लावलेली लाल गाडी

माझ्या नवऱ्याला गाड्यांतलं काही कळत नाही, आणि मला कळतं असा माझा समज होता. लाल पिकअप आमच्या दारात आली ती या समजामुळे.

आमचा धंदा हळद शिजवून द्यायचा. चाकांवर बसवलेला वाफेचा कुकर आणि त्याचे चार मोठे ड्रम. तो गाडीच्या मागे जोडायचा, आठ-दहा बाया-माणसं गाडीत बसवायची आणि हळदीचा हंगाम संपेपर्यंत वसमत तालुक्यात या शेतातून त्या शेतात फिरायचं. शेतकरी आमच्याकडे नंबर लावतो, आम्ही त्याला तारीख देतो. त्या तारखेच्या दोन दिवस आधी तो मजूर लावून हळद काढतो, माती झाडतो, शेतात ढीग घालतो आणि आमची वाट बघतो. जमिनीत असलेली हळद काही दिवस थांबते. काढलेली थांबत नाही. ढीग आतून गरम होतो, कंद मऊ पडतात, आणि मग शिजवली तरी तिला रंग येत नाही. त्यामुळे कुकरवाल्याबद्दल लोक एकमेकांना एकच गोष्ट विचारतात, की तो सांगितल्या दिवशी येतो का.

आम्ही जात होतो. सासऱ्यांच्या काळापासून एकही तारीख चुकली नव्हती. तारीख ठरली की सासरे शेतकऱ्याच्या गोठ्याच्या खांबावर ओल्या हळदीची पाच बोटं ओढायचे. त्यानंतर शेतकऱ्यानं दुसऱ्या कुकरवाल्याला विचारायचं नाही आणि आम्ही तो दिवस दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. कागद नाही, सही नाही. सासरे गेल्यावर नवऱ्यानं ही रीत तशीच ठेवली. हळद लावून दिलेला शब्द फिरवायचा नाही, हे तो देवाधर्मापेक्षा जास्त पाळतो.

पहिली तारीख दर वर्षी कुरुंद्याच्या मावशीची. मावशी म्हणजे नात्याची नाही, मानलेली. दीड एकर हळद, एकटी बाई, एक मुलगी ती सासरी. दिरापासून वेगळे झालो तेव्हा सासऱ्यांचा कुकर त्याच्याकडे राहिला. आम्ही दुसरा जुना कुकर घेतला, पण आमच्याकडे कुणी नंबर लावीना. कुकर इतका गंजलेला होता की लोक लांबूनच रामराम करायचे. मावशीनं सगळा ढीग आमच्या हवाली केला. "फुटन का गं हे?" एवढंच तिनं मला विचारलं. मी म्हणाले, "न्हाई फुटत, मावशी." मला कुकरमधलं शष्पही कळत नव्हतं. तो फुटला नाही, आणि तिची हळद पिवळीधमक निघाली. त्या वर्षी तिच्या शेजारपाजारच्यांनी आम्हाला कामं दिली, आणि पुढे आमचं घर त्यावरच उभं राहिलं.

तर गाडीचं. जुनी पिकअप दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर कायमची बसली. कळमनुरीच्या रस्त्याला जुन्या गाड्या विकणारा एक माणूस होता, त्याच्याकडे आम्ही गेलो. सोबत वसमतचे मिस्त्री चाचा होते. आमच्या आधीच्या गाडीचा नट न् नट त्यांनी बदललेला होता.

तिथे आमच्या ऐपतीत बसणाऱ्या दोनच गाड्या होत्या आणि दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती. एक पांढरी. पांढरी म्हणजे एके काळी. दरवाज्याला पोचा, पाठीमागच्या फळीला वेल्डिंगचे गोळे, सीट फाटून आतला स्पंज बाहेर आलेला. दुसरी लाल. नवा रंग, पुढे चकचकीत गार्ड, सीटला काळं-लाल कव्हर, आरशाला गोंडे, आणि हॉर्न असा की वाजवला तर वरातीत आल्यासारखं वाटावं. मी लाल गाडीकडे बघितलं आणि तिथेच संपले.

मी उगाच नटवी बाई नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कळमनुरीला माझ्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही जुन्या पिकअपमधून गेलो. मांडवासमोर गाडी थांबते न थांबते तोच भाऊ धावत आला. मला वाटलं, बहिणीला उतरवून घ्यायला आला. तो म्हणाला, "ताई, दाजींला म्हण गाडी जरा मागच्या अंगाला लावा. शूटिंगवाले येऊन राहिले." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, दहा कामं होती त्याच्या डोक्यात. पण मी नवी साडी नेसून, शाळेच्या मागच्या उकिरड्याजवळ उतरले. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. लाल गाडी बघितली तेव्हा मला हळद, कुकर, मजूर काही दिसलं नाही. मला तो मांडव दिसला.

मिस्त्री चाचांनी पांढरी गाडी उघडून बघितली. खाली आडवे झाले, उठले, हात पुसले. म्हणाले, "ही घ्या, भाभी. सूरत न्हाई, पर दिल साफ हाय." मग लाल गाडीकडे आले. विकणाऱ्यानं चावी फिरवली आणि गाडी अर्ध्या चावीत चालू झाली. मी नवऱ्याकडे बघितलं, की बघा. चाचांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"इंजन गरम हाय," ते म्हणाले. "आमी यायच्या आधीच कुणी तरी फिरवून आणली. रातभर उभी राहू द्या, मी उद्या फजरला येऊन थंडी गाडी चालू करून बघतो. दुपारी सगळ्याच गाड्या शहाण्या असतात."

एका दिवसाचा प्रश्न होता. पण लाल गाडीभोवती नांदेडकडचे दोघं जण फिरत होते. त्यातल्या एकानं गार्डवर हात फिरवला, मग सीटवर बसून बघितलं. मला वाटलं, उद्या सकाळी आपण येणार आणि ही गेलेली असणार.

माझ्या पिशवीत घरच्या हळदीची पुडी होती. गाडी पसंत पडली तर पूजेला लागेल म्हणून आणली होती. मी बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं, हळद कालवली आणि बॉनेटवर पाच बोटं ओढली. कुणाला विचारलं नाही. ते नांदेडचे दोघं एकमेकांकडे बघून बाजूला झाले. विकणाऱ्यानं लगेच हात जोडले. जगात दुसऱ्या कुठल्या बाईनं असं केलं असतं तर फार तर बॉनेट पुसावं लागलं असतं.

नवरा चाचांशी बोलत होता. त्यानं वळून बघितलं.

"काहून लावली?" तो म्हणाला.

मी म्हणाले, "मला आवडली."

चाचा म्हणाले, "पुसून टाका, भाभी. अजून काही बिघडलं न्हाई." नवऱ्यानं मान हलवली. "हळद लावली तिनं, चाचा. आता कसं फिरवायचं?" चाचांनी आमच्या दोघांकडे बघितलं आणि पानाची डबी काढली. तो हट्ट माझा आणि ती रीत त्याची. दोघांनी मिळून आम्ही गाडी घेतली.

पांढरी हट्ट्याच्या एका दूधवाल्यानं नेली. अजून कधी कधी रस्त्यात दिसते. मी तेव्हा दुसरीकडे बघते.

पहिल्याच आठवड्यात काही काम नसताना मी नवऱ्याला लाल गाडी कळमनुरीला न्यायला लावली आणि भावाच्या अगदी दारासमोर उभी करायला लावली. भाऊ शेतात गेला होता. वहिनी म्हणाली, "या, बसा." गाडीकडे कुणी बघितलं नाही. परत येताना मी हॉर्न वाजवून घेतला.

थंडी वाढली तशी गाडी सकाळी चालू होईना. चावी फिरवली की घरघर करायची, पांढरा धूर सोडायची आणि गप्प व्हायची. हंगामाआधी आम्ही कापूस वेचायला नेत होतो त्या मजूर बाया धक्का मारायच्या. सुरुवातीला त्यात गंमत होती. एक जण म्हणायची, "वहिनी, नवरीला उठवायला कुणाला पाठवू?" आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, पण मला राग यायचा, आणि तो गाडीवर काढता येत नव्हता. एकदा चालू झाली की दिवसभर छान चालायची, आणि मी नवऱ्याला म्हणायचे, "बघा, आता कशी पळती." चाचांकडे गाडी दाखवायला न्या, असं मी एकदाही म्हणाले नाही. दाखवली असती तर ते काय म्हणाले असते, ते मला माहीत होतं.

मावशीची तारीख मंगळवारची होती. त्या मंगळवारी सकाळी गाडी धक्क्यानंही चालू झाली नाही. आम्ही तिला डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत नेली, उताराला सोडली, तिनं एकदा काळा धूर टाकला आणि खाडकन आवाज करून थांबली. चाचा आले. त्यांनी इंजिन खोललं. सामान नांदेडहून आणावं लागेल, चार दिवस तरी लागतील, असं म्हणाले.

कुकर ओढायला ट्रॅक्टर शोधायला नवरा निघाला. हंगामात मोकळा ट्रॅक्टर मिळणं म्हणजे अवघडच. मावशीला फोन मी केला.

"मावशी, गाडी जरा अडली. उद्या येतो."

"बरं," ती म्हणाली. "ढीग घालून ठेवलाय."

बुधवारी परत फोन केला. ट्रॅक्टर मिळालेला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "उद्या नक्की." तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तिनं दुसरा कुकर बघितला असता. खांबावर आमची बोटं होती, पण मी तिला शब्दातून मोकळं केलं असतं तर तिला कुणी ना कुणी दिला असता. माझ्या तोंडून ते निघालं नाही. गाडी मी घेतली होती ना. गुरुवारी तिनंच फोन केला. "येऊन राहिले का?" मी म्हणाले, "निघालोच." आम्ही निघालो नव्हतो. गाडी बिघडली याचं मला आज काही वाटत नाही, लोखंड आहे, बिघडतं. पण त्या तीन फोनांची लाज अजून वाटते.

शुक्रवारी दुपारी उसन्या ट्रॅक्टरमागे कुकर जोडून आम्ही पोचलो. मावशीनं ढिगावर हळदीचाच पाला टाकून, त्यावर पाणी शिंपडून तो गार ठेवायचा प्रयत्न केला होता. तिनं पाला बाजूला केला, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला. मीही घातला. आत कढत होतं.

आम्ही शिजवली. पहिला ड्रम निघाला तसं तिनं एक हळकुंड उचललं, मोडलं आणि माझ्या हातावर ठेवलं. आतून ते पिवळं नव्हतं. काळपट तपकिरी होतं.

"रंग गेला ना?" मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "जेवून घ्या समदे. भाकरी केल्यात."

मी त्या दिवशी तिच्या घरची भाकरी खाल्ली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पाया पडायला गेले तर म्हणाली, "काहून पाया पडतीस? गाडीचं काय माणसाच्या हातात असतं का?" तिला वाटत होतं की गाडी आम्हाला नशिबानं अशी मिळाली. मी तिला खरं सांगितलं नाही.

चाचांनी त्या लाल गाडीचं इंजिन पूर्ण बांधून दिलं. आता ती भर थंडीत, सूर्य उगवायच्या आधी अर्ध्या चावीत चालू होते. रंगही अजून टिकून आहे. नवऱ्यानं मला त्या पाच बोटांवरून आजपर्यंत एकदाही बोलून दाखवलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही तारीख द्यायला गेलो तेव्हा मला धाकधूक होती. मावशीनं चहा केला, पहिली तारीख घेतली, खांबावर बोटं ओढू दिली. येताना मला हलकं हलकं वाटत होतं. सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळेच्या आधी, आम्ही तिच्या शेतात पोचलो. हळदीचा वरचा पाला कापलेला होता. पण ढीग कुठेच नव्हता. हळद सगळी जमिनीत.

"मावशी, काढणी राहिली का?" मी विचारलं.

"आता बाया लावते की," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "तुमी आलात म्हणल्यावर."

दोन दिवस आमचा कुकर थंड उभा राहिला आणि समोर तिची हळद निघत राहिली. बाकी सगळे शेतकरी अजूनही आमच्या तारखेवर हळद काढून ठेवतात. तिच्यासाठी आम्ही आता दोन दिवस मोकळेच धरतो.

यंदा गेलो तेव्हा नवरा शेताच्या वाटेवर आडवी टाकलेली काट्यांची फांदी बाजूला करायला उतरला होता आणि मी गाडीत बसून होते. पलीकडे पाच-सहा बाया कुदळी घेऊन बसल्या होत्या. मावशी गोठ्यात होती, दिसत नव्हती, पण तिचा आवाज येत होता.

"कुकर आला का गं?"

एक बाई उठून उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिनं आमच्याकडे बघितलं. "लाल गाडी आली, मावशी."

"शेतात आली का?"

"न्हाई. रस्त्यावर हाय."

"मग बसा अजून."