मागे बघण्याची शिकवणी

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या झाडून सगळ्या सायकलवाल्यांवर रागावण्याचा हक्क एकाच माणसाला होता, आणि ते म्हणजे माझ्या नणंदेचे सासरे. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. एवढ्या वर्षांत सायकलवाल्यांची तोंडं त्यांनी फारशी पाहिली नाहीत, पाठीच पाहिल्या, आणि नुसत्या पाठीवरून हा गडी आता कुठे वळणार हे ते सांगत. निवृत्त झाले तरी गाडी काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. आमच्याकडे आले की सोप्यातून स्वयंपाकघरात वळताना उजवा हात बाहेर काढत, कोपऱ्यावर खोकून हॉर्न देत, आणि भाकरी नको असली की तळवा दाखवून मला जागच्या जागी थांबवत. घरातले सगळे त्यांना पाव्हणं म्हणत, मी आबा म्हणायचे.

आमचं गाव विट्याजवळ. नव्वदनंतरची ती वर्षं. गावातले निम्मे पुरुष परमुलखात गलाईच्या दुकानात सोनं गाळत बसलेले, त्यात माझा नवराही. मला पाच किलोमीटरवरच्या शाळेत तात्पुरती नोकरी लागली होती, पण गाडीची आणि शाळेची वेळ काही केल्या जुळेना. शेवटी मुख्याध्यापकांनी सांगितलं, पुढच्या सोमवारपासून उशीर झाला तर दुसऱ्या बाई बघू. नणंदेची हायस्कूलची लेडीज सायकल माळ्यावर पडून होती. पण ती लेक, मी सून. "सून रस्त्यानं सायकल मारत जाणार व्हय?" एवढं बोलून सासूबाईंनी विषय संपवला. नेमके तेव्हा आबा मुक्कामाला होते. "मी शिकवतो की," ते म्हणाले. मुलीच्या सासऱ्याला नाही कोण म्हणणार? सासूबाईंनी चहा ठेवला. आबांना आपलं वजन पुरतं ठाऊक होतं.

गावाबाहेरच्या खळ्यावर शिकवणी सुरू झाली. तोल सांभाळता येऊ लागला तसं त्यांनी दोन दिवस मला फक्त थांबायला लावलं. "पळवाया कुणीबी शिकवतं, थांबाया कोण शिकवत न्हाई." मग इतकं हळू चालवायला लावलं की कोंबड्या पुढे जात. चौथ्या दिवशी त्यांनी सासूबाईंच्या डब्यातल्या रांगोळीनं लांबलचक रेघ ओढली. रेघेवरून चालवायचं, मान वळवून मागे बघायचं, ते किती बोटं दाखवताहेत ते सांगायचं आणि रेघ सोडायची नाही. "तुमी सायकलवाले मागं बघता आन् हँडल बी तिकडंच नेता," तीस वर्षांचा राग माझ्या एकटीवर काढत ते म्हणाले. पण थोरांसमोर म्हणून मी डोक्यावर पदर घेतलेला, त्यामुळे मागे वळलं की मला पदरच दिसे. मी अंदाजानं "चार" म्हणून टाकलं.

"पोरी, पदर कमरंला खोच आन् खरं सांग."

"तुमच्यासमोर, आबा?"

"मी सासरा हाय तो तुझ्या नणंदंचा. तुला मी मागनं येणारी गाडी हाय."

सासूबाई तेवढ्यात चहा घेऊन आल्या. त्यांनी माझं उघडं डोकं पाहिलं, पाव्हण्यांकडे पाहिलं, कप ठेवला आणि परत गेल्या.

सोमवारी सायकल काढून निघाले. उसाचा हंगाम. पुढे बैलगाडी रेंगाळलेली, तिला ओलांडल्याशिवाय शाळा गाठणं शक्य नव्हतं. मान वळवली तर मागे उसानं भरलेला ट्रॅक्टर, अगदी जवळ. हँडल हललं नाही. त्याला जाऊ दिलं, पुन्हा मागे पाहिलं, हात दाखवला आणि पुढे गेले. प्रार्थनेला मी मुलांच्या आधी उभी होते. संध्याकाळी मी ट्रॅक्टरचं सांगितल्यावर आबांनी एवढंच विचारलं, "ट्रॉल्या किती हुत्या?" मी म्हटलं, दोन. त्या दिवशी त्यांनी भाकरीला तळवा दाखवला नाही.

पुढे मी सांगलीला शिकवायला गेले. आबांचं घर तिथंच. तोवर काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली होती. मी रविवारी सायकलनं जायचे, तर ब्रेकचा आवाज ऐकून म्हणत, "थांबाया झ्याक येतंय तुला." एकदा निरोप घेऊन निघाले आणि बोळाच्या वळणावर सवयीनं मागे पाहिलं. आबा पायरीवर बसले होते, हात वर, तीन बोटं. मी वळून बघितलं की नाही हे त्यांना कळायला आता दुसरा मार्ग नव्हता. "तीन," मी मोठ्यानं ओरडले. हात सावकाश खाली आला. माझे डोळे भरून आले, पण हँडल सरळ होतं.