पणताईचे शेरे

पणताई कधी बसून बोलली नाही. एव्हरशाईन सिटीतल्या तिच्या घरी गेलं की ती फोन फ्रिजवर ठेवून उभ्यानेच खेळायची, एक पाय सतत हलता. खेळ असा: गाणं वाजतं, पडद्यावर ठिपके खाली येतात, ठेक्यावर बोट मारायचं. कुठल्या ठेक्याला कुठे ठिपका, हे आमच्यासारखे हौशी लोक बसवतात. त्याला लेव्हल म्हणतात. ती खेळाच्या संग्रहात जायची तर परीक्षकाची संमती लागते. आमची परीक्षक पणताई.

तिचा प्रत्येक शेरा "मस्त आहे, पण" असा सुरू व्हायचा, म्हणून हे नाव. ते तिला ठाऊक होतं, आवडतही होतं. शेरे मारण्याच्या नादात आलेल्या माणसाला पाणी विचारायचंही ती विसरायची.

शेऱ्याला नुसतं "ओके ताई" असं उत्तर दिलं की ती भडकायची. "ओके काय? चेंज केलंस की नाही? नसेल तर का नाही, ते सांग ना. भांड की जरा!" मी भांडायला शिकले ती तिच्याच तालमीत. हल्ली ही साध्या आमटीवरूनही कारणं मागते, अशी आईची तक्रार असे.

गेल्या वर्षी मी बाबांच्या बँडची लेव्हल करायला घेतली. होळी गावात आमची भाजीची वाडी. लग्नसराईत बाबा गावच्या बँडमध्ये ढोल वाजवत. पुढे खांदा गेला, बँडही मोडला. उरलं ते एका वरातीचं फोनवरचं रेकॉर्डिंग. बाबांचा ढोल अनोळखी लोकांच्या बोटांखाली वाजावा, एवढं मला हवंच होतं. आणि पणताई तर नोकरीसाठी जर्मनीला निघालेली. वरातीचा बँड कान देऊन ऐकेल असा दुसरा परीक्षक आमच्याकडे नव्हता.

लेव्हल पाठवली. उत्तराऐवजी तीच स्कूटरवरून आली आणि हेल्मेटसकट ओटीवर उभी राहिली.

"मस्त आहे, पण मेलेलं आहे. गाण्याला काय केलंस तू?"

रेकॉर्डिंगचा वेग शेवटी वाढत होता. ठिपके जुळेनात, म्हणून मी संगणकावर तो सगळीकडे एकसारखा करून टाकला होता. तसं सांगितलं.

"अगं, वरात मांडवाशी आली की ढोलवाला पेटतो. तेवढंच तर गाणं आहे! ओरिजिनल घे आणि एकेक ठिपका कानाने बसव."

"शेवट कुणालाच जमणार नाही," मी भांडले.

"नको जमू दे. हरतील, चिडतील, परत येतील."

चहा न घेताच ती गेली. मी चरफडत सगळं नव्याने बसवायला घेतलं. जेवताना, कपडे वाळत घालताना डोक्यात तोच ढोल. शेवटच्या धावपळीतले ठिपके पुसून पुसून बोटं दुखली. ती निघायच्या आदल्या दिवशी संमती आली. खाली एकच शब्द: "पळते."

नंतर ती या खेळातून उठलीच. खातं बंद, नंबर बदललेला.

परवा बाबांच्या हातात फोन दिला. सुरुवात त्यांना झकास जमली. शेवटाला ठिपके धावायला लागले आणि बाबांची पार त्रेधा उडाली.

"कोन गं हा मेला? एवढी घाई कशाला करतो?"

"तुम्हीच, बाबा."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. हळूच म्हणाले, "परत लाव."

मी लावलं. हे पणताईला कळवायची काही सोय नाही, या विचाराने मला रडू आलं. बाबांना वाटलं, मी त्यांच्या ढोलासाठी रडतेय.